पाठमोऱ्या माणसाचं शोकपत्रक

आमच्या हास्कोवोत माणूस गेला की त्याचं शोकपत्रक फाटकावर लागतं. काळी चौकट, फोटो, नाव, खाली दोन ओळी. चाळीस दिवसांनी नवं, सहा महिन्यांनी नवं, मग दरवर्षी. बस थांब्यावर, झाडांवर, बेकरीच्या दारावर. आमच्या गल्लीत जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांचे चेहरे जास्त दिसतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. फक्त किर्कोवांच्या फाटकावर लाचेझारचा कागद कधी लागला नाही. त्या फाटकाची कडीही कधी लागली नाही. त्याची आई दोन्का म्हणायची, "पोरगा आला तर कडी वाजवत बसेल का?"

लाचेझार सत्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये पाठीवर पिशवी टाकून दक्षिणेला, डोंगरातल्या सरहद्दीकडे गेला. वय वीस. त्यानंतर काहीच कळलं नाही.

ही गोष्ट मात्र त्याच्या बहिणीची, स्नेझिनाची. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. शाळेच्या संगणक मंडळात दोघं भावंडं मिळून एक खेळ करत होती. त्यात चित्रं नव्हती, नुसते शब्द. आमचीच गल्ली. पडद्यावर यायचं, "तू फाटकाशी उभा आहेस." मग खेळणाऱ्याने लिहायचं, "उत्तरेला जा", "दार उघड". शब्द लाचेझारचे, आज्ञावली हिची. तेव्हा संगणकाचे खेळ गाण्यांच्या कॅसेटवरच साठवायचे, सगळा खेळ एका कॅसेटवर मावायचा. मी शेजारची, तिच्याहून आठ वर्षांनी मोठी, सूतगिरणीत कामाला. मला वाटायचं ही पोरं वाया चाललीत.

कम्युनिस्ट राजवट पडली तशी स्नेझिना राजधानीत, सोफियाला गेली. दोन मित्रांना घेऊन एका इमारतीच्या तळघरात कंपनी काढली. हिवाळ्यात पाइप फुटले की संगणक टेबलावर आणि माणसं खुर्च्यांवर पाय वर घेऊन. तिथे त्यांनी वेढा पडलेल्या किल्ल्याचा खेळ केला आणि तो जर्मनीत विकला गेला. मग बंदराचा, मग मोटारींच्या शर्यतीचा. चाळीस माणसं हाताखाली आली. वर्तमानपत्रात फोटो आला तेव्हा दोन्काने तो कापून स्वयंपाकघरात लावला आणि शेजारी तेवढीच जागा मोकळी ठेवली.

पुढे परदेशी मालक आले. त्यांनी सांगितलं, तुम्ही आता फक्त आमच्या खेळांतली हत्यारं रंगवा. स्नेझिनाने त्याच दिवशी टेबल आवरलं आणि विद्यापीठात शिकवायला लागली. पहिल्या तासाला ती मुलांना आपापली गल्ली आठवून कागदावर काढायला लावायची. "ज्या घराच्या आतलं काही आठवत नाही, तिथून खेळ सुरू करा," म्हणायची. "खेळणाऱ्याला परत परत आणतं ते बंद दार. उघडलं की संपलं."

तेच तर माझं तिच्याशी भांडण होतं. त्या राजवटीत देश सोडून पळताना सरहद्दीवर मारल्या गेलेल्यांची यादी मी करत आले आहे. कायदा मला कुणी शिकवला नाही, वाचनालयात बसून शिकले आणि वकिलांना पाणी पाजलं. पण जुन्या राजवटीची फाइल रक्ताच्या नातेवाइकाच्या सहीशिवाय उघडत नाही. दोन्का सही न करताच गेली. उरली स्नेझिना. अकरा वर्षं मी अर्ज घेऊन तिच्यामागे होते.

"सही केली की तो मरेल, स्तोयनाताई," ती म्हणायची.

"आणि नाही केली तर काय, पेन्शन घ्यायला येणार आहे?" मी असं बोलते. बोलून गेले. त्यानंतर दीड वर्ष तिने माझा फोन घेतला नाही.

म्हणून एके दिवशी सकाळी मी सरळ तिच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसले, अर्ज पिशवीत घेऊन. परीक्षा चालू होती. बिसेरा नावाची एक मुलगी आपला खेळ दाखवत होती. पडद्यावर गल्ली, द्राक्षांचे मांडव, फाटकं, आणि प्रत्येक फाटकावर शोकपत्रक.

"एवढी पत्रकं कशाला?" स्नेझिनाने विचारलं.

"ती काढली की गल्ली आपली वाटत नाही, मॅडम. ऑस्ट्रियातली वाटते."

वर्ग हसला. बिसेरा गल्लीच्या टोकाच्या फाटकाशी गेली. तिथल्या पत्रकात चेहराच नव्हता. एका माणसाची पाठ होती, पाठीवर पिशवी. खाली लिहिलं होतं, "आमच्या शेजाऱ्याला. आम्ही विसरलो नाही."

हसणं थांबलं. स्नेझिना जागची उठली.

"हा कुठून घेतलास?"

"तुमच्याच खेळांतून." मुलगी गोंधळली, पण मागे हटली नाही. "सगळ्यांत आहे तो. किल्ल्यात आहे, बंदरात आहे, शर्यतीत त्या वळणावर उभा आहे. कायम दक्षिणेकडे तोंड. जवळ गेलं की निघून जातो. आम्ही खेळणारे त्याला शेजारी म्हणतो. मला वाटलं, तुमच्या घरातलं कुणी गेलंय आणि कागद लावायचा राहिलाय. म्हणून मी लावला."

"तो गेलाय असं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पण मग तो घरी का येत नाही, मॅडम?"

मला तिचे खेळ कधी कळले नव्हते. आपल्या प्रत्येक खेळात ती भावाला नेऊन उभं करत आली होती, हे मला त्या मुलीकडून कळलं. अकरा वर्षं मी भांडले आणि हा एक प्रश्न मला सुचला नव्हता.

स्नेझिनाने तिला सहापैकी सहा दिले. मग बाहेर येऊन माझ्यापुढे हात केला. "आण तो कागद."

सही झाल्यावर जिन्यातच बसली. म्हणाली, "मला माहीत होतं तो जाणार ते. कॅसेट मीच दिली त्याला. म्हटलं, तिकडे कुणाला तरी दाखव आपला खेळ. त्या कॅसेटसाठी तर नाही ना थांबवलं त्याला कुणी?"

मी म्हटलं, "ते आता फाइलच सांगेल."

फाइल यायला चार महिने लागले. सोफियात एका लांब टेबलाशी आम्ही शेजारी बसलो. पानं अकराच. अहवालाच्या आदल्या संध्याकाळी गोळी, जागीच मृत्यू, डोंगरातच पुरलं, जागेची नोंद नाही. मग वस्तूंची यादी: पाव, चीज, स्वेटर, कॅसेट. कॅसेटपुढे कुणा अधिकाऱ्याने लिहिलं होतं, "ऐकली. गाणी नाहीत, नुसती खरखर." त्यांनी ती नंतर ऐकली होती, मेल्यानंतर. स्नेझिनाने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

शेवटच्या पानावर एक रेखाटन होतं. झाडं, कुंपण, पडलेला माणूस, बाण. गोळी छातीत. तोंड उत्तरेकडे.

"उत्तरेकडे," ती म्हणाली. "स्तोयनाताई, कुंपण मागे आहे. तो परत येत होता."

मी असे शेकडो कागद वाचलेत. शिपाई मागून हाक मारतो आणि माणूस वळतो. एवढंच असतं ते. मी आयुष्यात कुणाच्या तोंडावर खरं बोलायला कचरले नाही, मंत्र्याच्याही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी मान आडवी हलवली. आमच्याकडे त्याचा अर्थ हो.

त्या शनिवारी फाटकावर कागद लागला. वीस वर्षांचा लाचेझार, समोरून, कपाळावर केस. शिजवलेला गोड गहू तिने घरोघर वाटला, सगळे म्हणाले, देव त्याला क्षमा करो. घरात शिरताना तिने फाटकाची कडी लावली. आतून ती वाजलेली मी ऐकली.

बिसेरा मला अधूनमधून भेटायला येते. परवा तिने किल्ल्याचा खेळ दाखवला. त्या परदेशी मालकांकडून परवानगी काढून स्नेझिनाने त्यात एकच बदल केलाय. तो माणूस आता वळलाय. वाटेवर उभा राहून समोर बघतो.

"आता जवळ गेलं तरी जात नाही," बिसेरा म्हणाली. "नुसता बघत राहतो. पोरं म्हणतात, त्याला काहीतरी विचारायचंय."

मी म्हटलं, बंद कर ते.