रेवाला ऐकू येत होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला, मंदारला, तर नाहीच.

आमची रेवा तेव्हा सात वर्षांची होती. पुण्याहून नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपला येऊन आम्ही नुकतेच स्थिरावलो होतो. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण वर्गात गडबड सुरू झाली की सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचतच नाही. कान तपासले — कान उत्तम. मग मोठी तपासणी झाली. मंदारला ऑफिसातून निघता आलं नाही, म्हणून मी एकटीच गेले.

तिथल्या श्रवणतज्ज्ञ बाईंनी समजावलं, आवाज रेवाच्या कानात नीट शिरतो, पण गोंगाटातून शब्द वेगळे काढणं तिच्या मेंदूला जड जातं. हे वर्णन — माझंच नव्हतं का? "लक्ष कुठे असतं तुझं?" हे ऐकतच मी मोठी झाले. चार जण एकदम बोलायला लागले की मी आजही नुसती हसून मान डोलावते. मंदार मला वेंधळी समजायचा, आणि ते मला चालायचं. पण हे कळलं तर? माझी नवीन लागलेली नोकरीही फोनवर बोलायची होती.

बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास आहे?"

"नाही."

एवढ्यावर थांबले असते तर... संध्याकाळी मंदारने विचारलं, हे कशामुळे झालं? श्रवणतज्ज्ञ बाई तर स्पष्ट म्हणाल्या होत्या की भाषांमुळे असं होत नाही, घरची भाषा सोडू नका. आणि मी काय सांगितलं? मराठी, इंग्रजी, डच अशा तीन भाषांमुळे गोंधळ होतोय, मराठी बंद करा म्हणाल्यात.

का? तो माझ्याकडे बघत होता म्हणून. दुसरं कारण नाही.

मंदार तिला रोज झोपवताना स्वतः रचलेल्या गोष्टी सांगायचा, मराठीत. त्या बंद झाल्या. इंग्रजीत त्याला त्या जमेनात.

उपचार मात्र लागू पडले. वर्गात बाईंच्या गळ्यात छोटा माइक आणि रेवाच्या कानात त्याचा रिसीव्हर, पुढचं बाक. घरी टीव्ही बंद करून, तिच्यासमोर बसून, छोट्या वाक्यांत बोलायचं. ती सावरली. मंदारला वाटलं, मराठी सोडल्याचा गुण आला. डेल्फ्टच्या एका मित्रालाही त्याने तसंच करायला सांगितलं — त्याच्या मुलासाठी. मी शेजारीच बसले होते. गप्प.

रेवा आता तेरा वर्षांची आहे. मराठी थोडंफार समजतं, बोलता येत नाही. परवा एका वाढदिवसाला गोंगाटात मला नुसती मान डोलावताना बघून, घरी आल्यावर तिने डचमध्ये विचारलं, "आई, तुलाही माझ्यासारखं होतं ना?"

"नाही," मी म्हणाले. पुन्हा.

ती उठली, टीव्ही बंद केला, माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसली आणि पुढचं सगळं सावकाश, छोट्या वाक्यांत बोलली.

तेव्हापासून मंदार घरी आला की मी रेवाच्या तोंडाकडे बघत राहते — आता ती त्याला काय सांगेल म्हणून.