शिरूब्लला मावशीनं बांधलेलं कलम

सिंधूमावशी दवाखान्याच्या कामासाठी माझ्याकडं क्रांती चौकाजवळच्या घरी आली होती. संध्याकाळी चहा घेता घेता मी मोबाइलवर सुट्टीसाठी जागा शोधत होते. चिकलठाण्याच्या कारखान्यातली माझी रजा साठून वाया चालली होती. शोधता शोधता फ्रान्समधल्या शिरूब्ल नावाच्या चिमुकल्या गावाचे फोटो उघडले. बोजोले भागातल्या डोंगरउतारावरचं, वाइनच्या द्राक्षांवर जगणारं गाव. तिथल्या चौकात एक अर्धपुतळा आहे, तोही राजाचा नाही आणि सेनापतीचाही नाही. किडीनं बागा मरायला लागल्या तेव्हा तिला दाद न देणाऱ्या वेलीच्या खुंटावर कलम करायला ज्यानं लोकांना शिकवलं, त्या माणसाचा.

मी मावशीला वाचून दाखवलं. गंगापूरकडच्या खेड्यात राहणारी माझी मावशी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बागेत द्राक्षाची कलमं बांधतेय. टोळीबरोबर पार जालना, नाशिकपर्यंत जाते.

"कलम बांधणाऱ्याचा पुतळा?" तिनं चष्मा पुसला. "बघाय पायजे एकदा."

ती सहजच बोलली होती. मी मात्र त्याच आठवड्यात तिच्या पासपोर्टचा अर्ज भरला.

जाणाऱ्यांनी व्हिसाचं काम दोन-तीन महिने आधी सुरू करावं. मुंबईत आमची गाडी अडली ती बोटांच्या ठशांवर. चाकू आणि सालपटांनी मावशीची बोटं इतकी गुळगुळीत झालेली की यंत्राला काही सापडेचना. काउंटरवरची मुलगी "परत ठेवा, मावशी" म्हणत राहिली. पाचव्यांदा मावशी म्हणाली, "कामाचीच बोटं हायत बाई, दुसरी कुठून आणू?" सहाव्यांदा दिवा हिरवा झाला.

मेच्या सुरुवातीला निघालो. मुंबईहून एक विमान बदलून लियाँ, तिथून लोकल गाडीनं पाऊण तासाच्या आत बेलव्हील. पुढं डोंगर चढायला बस मोजक्याच आहेत, म्हणून टॅक्सी आधीच सांगून ठेवावी. ती आम्हा दोघींच्या रेल्वे तिकिटापेक्षा महाग पडली, पण रस्ता असा की पैसे फिटले. वळणावळणाला वेलींचे उतार, वर गर्द झाडी, खाली लांबवर नदीचं खोरं. मावशी सारखी काच खाली करायची.

"मांडव कुठाय गं? वेली तर गुडघ्याएवढ्याच!"

तिथं वेल बुटकी ठेवतात, झुडपासारखी. उतरल्या उतरल्या मावशीनं रस्त्याकडेची माती मुठीत घेऊन चोळली. गुलाबीसर, खरखरीत. "मुरमाड हाय. पाणी थांबत नाय हिच्यात. म्हणून द्राक्ष गोड."

आमचा मुक्काम सोलांजबाईंकडं होता. सत्तरीच्या, एकट्या, घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. इंग्रजी जेमतेम, बाकी सगळं मोबाइलच्या भाषांतरावर. न्याहारीला पाव, लोणी आणि शेळीच्या दुधाचं चीज. मावशीच्या माहेरी शेळ्यामेंढ्याच होत्या, त्यामुळं चीज पहिल्या घासातच जमलं. वाइनचा एक घोट घेऊन मात्र तिनं पेला माझ्याकडं सरकवला. "तुरट हाय. तूच पी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात गेलो. मावशी पुतळ्यासमोर चपला काढून उभी राहिली. फोटोसाठी पदर नीट केला आणि म्हणाली, "शिकवणाऱ्याची आठवण ठेवली लोकांनी. लई चांगलं केलं."

परत आलो तर सोलांजबाई अंगणात भिंतीशी उभ्या होत्या. तिथं एक उघडा खुंट होता, वर काहीच नाही. मी विचारलं. त्यांच्या वडिलांनी दाराशी लावलेली पांढऱ्या द्राक्षाची वेल रोगानं गेली होती. वेल जाण्याआधी, थंडीत, बाईंनी तिच्या काड्या काढून ठेवल्या होत्या. मार्चमध्ये शेजारच्या आंद्रेनं या नव्या खुंटावर कलम केलं, ते लागलं नाही. आता फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तीनच काड्या उरल्या होत्या. त्या जातीचं त्यांच्याकडं दुसरं काहीच नव्हतं.

मी हे मराठीत सांगेपर्यंत मावशी खुंटाशी बसलीसुद्धा होती. "काड्या आण म्हणावं."

तिनं नखानं साल खरवडली. एक वाळलेली. दोन हिरव्या.

"जित्या हायत. चाकू मागून दे."

मी तिला अडवलं. "मावशी, नाही लागलं तर? त्यांच्या वडिलांची वेल आहे."

"आणि फ्रिजात ठेवून लागंल व्हय?"

मी ते जसंच्या तसं भाषांतराला घातलं. सोलांजबाई वाचून तशाच घरात गेल्या. मला वाटलं, राग आला. त्या परतल्या त्या वडिलांचा चाकू घेऊन.

मावशीनं तो दगडी पायरीवर अर्धा तास घासला. मग खुंट आडवा कापला, मधोमध चीर दिली. दोन्ही काड्यांना पाचरीसारखा निमुळता आकार दिला, एकाच सपक्यात, दुसरा हात न मारता. चिरेच्या दोन कडांना सालीला साल भिडवून बसवल्या, प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट आवळल्या आणि वरून पिशवी चढवली. सगळं मिळून दहा मिनिटं.

संध्याकाळी आंद्रे आला. जन्मभर द्राक्षात राबलेला म्हातारा. खाली पडलेलं सालपट उचलून त्यानं उन्हात धरलं, अंगठा फिरवला. मोबाइलमध्ये बोलला, त्याचं मराठी आलं: "काप सुंदर आहे. पण पानं येऊ देत, मग बोलू."

"बरोबर बोलला," मावशी म्हणाली.

उरलेले दोन दिवस आम्ही रानवाटा तुडवल्या. गावाच्या वरच्या टेकडीवरून एका सकाळी दूर आल्प्सचा बर्फ दिसला. माझं लक्ष मात्र त्या पिशवीकडं होतं.

घरी आल्यावर कामाला जुंपले. महिनाभरानं, रविवारी गंगापूरला मावशीकडं बसले असताना फोन वाजला. सोलांजबाईंचा फोटो. दोन्ही काड्यांना पानं फुटलेली, लुसलुशीत, तळहाताएवढी. शेजारी टोपी हातात घेऊन आंद्रे. खाली लिहिलेलं: "आंद्रे विचारतोय, पुढच्या वसंतात याल का? त्याच्या तरुण कामगारांना तुमचा काप शिकायचाय. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च गाव करेल."

मी ओरडलेच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फ्रान्सहून मी साबण आणले, चॉकलेटं आणली, सगळी संपली. मागं उरलं ते हे, की माझ्या मावशीला जे येतं ते एवढ्या लांब, पुतळा उभारणाऱ्या गावालाही हवंय.

मावशीनं फोन हातात घेतला, फोटो मोठा केला, बराच वेळ न्याहाळला.

"खुंटाला खालून फुटवा आलाय, तो खुडला नाय त्यांनी. कलमाचं सगळं बळ खाईल. आत्ताच्या आत्ता लिही."

मी लिहिलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: "खुडला."

"हां," मावशी म्हणाली. "आता लिही, येते म्हणून."