रोडग्यांच्या संध्याकाळी ऐकलेले आवाज

वणीत आम्ही काही मित्र रोज सकाळी फिरायला जातो आणि दर हिवाळ्यात जंगलात दोन-तीन मुक्काम करतो. मागच्या हिवाळ्यात पहिल्यांदाच बायकाही सोबत आल्या. झरी जामणीच्या बाजूला, नाल्याकाठी वनखात्यानं नेमून दिलेल्या मोकळ्या जागेवर आम्ही तंबू ठोकले.

पहिली संध्याकाळ साधीच गेली. शेकोटीच्या एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला बायका. किस्से आमच्याच कॉलेजातले आणि हसणारेही आम्हीच. माझी बायको गुडघ्यांभोवती शाल गुंडाळून ऐकत होती. तिला बोलायची आवड नाही, असं मी लग्नापासून धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथले वनरक्षक आले आणि कमरेवर हात ठेवून आम्हाला विस्तवाचे नियम सांगून गेले. संध्याकाळी रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे पुरले, बाजूला वांग्याची भाजी रटरटत होती. रोडगे भाजायला वेळ लागतो, म्हणून सगळे निखाऱ्यांभोवती जवळ सरकून बसले. आमच्यातल्या एका मित्राचं गॅरेज आहे. तो माझ्या बायकोला म्हणाला, "भाभी, तुमी तं काहीच बोलून नाही राह्यल्या. नाराज हाय काय?"

"नाराज नाही जी," ती म्हणाली. "तुमी गिऱ्हाईकाशी कसे बोलता, ते आठवून राह्यली होती."

मग मान जराशी तिरकी करून ती थेट त्याच्या आवाजात बोलली, "दादा, गाडीले काही नाही झालं, फक्त इंजिन बिमार हाय. शाम को या, दुल्हन बनवून देतो."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग त्याच्या बायकोनं टाळी दिली. "घरी बी असेच बोलते हे."

त्यानंतर पाळी माझी. तिनं हात कानाशी नेला. "हॅलो. हं. हं. आवाज कटून राह्यला." मग तो न दिसणारा फोन डोळ्यांसमोर धरून रागानं पाहिला आणि पुन्हा कानाला लावला. मी हसलो, पण कान गरम झाले. मी तसंच करतो.

आता ती रंगात आली होती. उठली, कमरेवर हात ठेवले. "इस्तू आटोक्यात ठेवा. जंगल हाय हे, तुमचं आंगण नोहोय." यावर कुणीच हसेना. तिनं वळून पाहिलं तर वनरक्षक मागे उभे. विस्तव पाहायला आले होते.

"चुकलं, भाऊ," ती कशीबशी म्हणाली.

"चुकलं नाही, ताई. आवाज आणखी जाड पाह्यजे," ते म्हणाले आणि सतरंजीवर बसले. रोडगा फोडून त्यात तूप ओतून घेतलं, अर्धा खाल्ला, आणि मग आपल्या साहेबांची नक्कल करून दाखवली. ती काही फार जमली नाही, पण आम्ही पोट धरून हसलो.

जेवणं झाल्यावर भांडी घासताना मी बायकोला विचारलं, "हे कधी शिकली तू?"

"मारेगावले, शाळेत. गॅदरिंगमध्ये दरवर्षी माहा नंबर राहे."

"मग इतके वर्षं बोलली काहून नाही?"

"तुमचे किस्से संपतील तवा बोलीन ना."

तिसऱ्या संध्याकाळी वनरक्षक आपल्या बायकोला आणि पिशवीभर बोरं घेऊन आले. आज कोण कोणत्या अंगाला बसलं, ते कुणी पाहिलं नाही. त्यांची बायको नवऱ्याकडे बोट करून माझ्या बायकोला हळूच म्हणाली, "यायचं बोलणं एकडाव करून दाखवा ना, मी नाही ऐकलं." मी बायकोशेजारी बोरं खात बसलो होतो. सांगण्यासारखे दोन किस्से आठवले, पण ती उठून कमरेवर हात ठेवत होती, म्हणून गप्प राहिलो.