ताईंसाठी शिवलेला टप

ये नीलू, आईला न्यायला आलीस ना, बस अशी जवळ. तिकडे बंगळुरूला बसून फोनवर आईला रागवायचं, हे शोभतं का तुला? चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला म्हणतेस, "नाकाचं सालटं निघेपर्यंत उन्हात कशाला फिरलीस?" नाक तिचं, ऊन देवाचं, आणि फिरवणारी मी. तेव्हा काय बोलायचं ते मला बोल. पण आधी ऐकून घे, आणि मधेच "मामी, शॉर्टमध्ये सांग" म्हणू नकोस. शॉर्टमध्ये सांगायचं तर, आमच्या मोटारीचा टप आटला. कळलं काही? नाही ना. मग.

तुझे मामा गेले त्याला तीन वर्षं होतील. त्यांची ती पिस्ता रंगाची मोटार तुला आठवत असेल. वरचा टप कापडाचा, हवा तेव्हा मागे दुमडून ठेवायचा. आता आपल्याकडची रीत तुला सांगायला नको, पण बंगळुरूत विसरली असशील म्हणून सांगते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला माहेरचा मुराळी जातो. तुझ्या आईचा मुराळी म्हणजे तुझे मामा. बुऱ्हाणपूर ते इच्छापूर असा कितीसा रस्ता, बसही सारख्या. पण हा माणूस दर वर्षी मोटार घेऊनच जायचा. बहीण बसने आली तर ते माहेरपण नव्हे, असं त्यांचं म्हणणं. (बायको माहेरी निघाली की मात्र त्याच बसला खिडकीजवळ चांगला वारा लागायचा. असो.)

यंदा तू आईला कायमची तिकडे न्यायचं ठरवलंस. बरोबरच केलंस, इच्छापूरच्या त्या घरात एकटी किती दिवस काढणार. पण तुझ्या आईची, म्हणजे आमच्या ताईंची, इथली ही शेवटची आखाजी. म्हटलं, त्यांना आणायचं तर त्याच मोटारीतून, राणीसारखं. तिकडे चौदाव्या मजल्यावर बसून माहेर आठवलं, तर हे आठवलं पाहिजे. मुराळी मी होणार.

विनय म्हणाला, "आई, मुराळी पुरुष असतो."

म्हटलं, "तू ड्रायव्हर. मुराळी शेजारी बसतो."

शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेल्या मास्तरांना धाकात ठेवणारा हेडमास्तर तो, पण घरात ड्रायव्हर. इंजिन त्याने ठीक करून ठेवलं होतं. प्रश्न टपाचा. उंदरांनी त्याला दारं-खिडक्या पाडून आपली वसाहत केली होती. आणि इथलं वैशाखाचं ऊन म्हणजे, गच्चीवर पापड टाकायला गेलं तर हातातच वाळतो. टपाशिवाय ताईंना आणणं म्हणजे ताई नाही, ताईंचा सांडगा आणणं.

गावातल्या शनवारा दरवाज्याजवळ इस्माईलचाचा रिक्षांचे हूड शिवतात. मोटार त्यांच्या दुकानापुढे उभी केली. त्यांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, टपाच्या भोकातून हात घालून बघितला आणि म्हणाले, "अम्मा, रेक्सीन डलवा लो. बीस साल देखना नहीं पड़ेगा."

"बीस साल किसने देखे, चाचा? रेक्सीन तो तवे जैसा तपता है. सूती डालो. जाडा, पांढरा."

"सूती डालूँगा. मगर कोरा कपड़ा है, पहले पानी में निकालो. दो दिन सुखाओ. फिर सिऊँगा."

"दो दिन सुखाने बैठी तो ननद बस से आएगी. वैशाख में पानी कहाँ से गिरेगा? ऐसेच सिओ."

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "आप तो कपड़ेवालों के घर की हो, अम्मा."

"इसीलिए तो बोल रही हूँ," मी म्हटलं.

ऐकलंस? ज्या घरात सासऱ्यांचे बारा माग खडखडत होते, जिथे सुनेला साधा ब्लाऊजपीस मी पाण्यातून काढल्याशिवाय शिंप्याकडे नेऊ देत नाही, (एकदा तर तिने नेलेला अर्ध्या रस्त्यातून परत आणून बादलीत बुडवला होता,) त्या घरातली मी हे बोलले. वर अजून सांगितलं, "चुणी पडता कामा नये. ढोलासारखा ताणून शिवा." चाचांनी शिवला. असा शिवला की बोट आपटलं तर ठण् वाजावं. मी दोनदा वाजवून पाहिला.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी सातला निघालो. ठरलं होतं, आठला ताईंना घ्यायचं, उन्हाच्या आत घरी. पण तुझी आई. तिला आधी टेकडीवरच्या देवीच्या पायऱ्यांशी जाऊन खालूनच हात जोडायचे होते. मग शेजारणीला तुळस सोपवायची होती. मग दुसऱ्या शेजारणीला, पहिलीने तुळशीला पाणी घातलं की नाही हे बघायचं काम सोपवायचं होतं. मग लोणच्याची बरणी. निघालो तेव्हा साडेबारा. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, डांबर मात्र होतं, तेही चाकाला चिकटून आमच्याबरोबर बुऱ्हाणपूरला यायला निघालेलं.

टपाखाली सावली होती खरी, पण वारा कुठला? भट्टीला झाकण घातल्यासारखं झालं. ताई पदराने वारा घेत होत्या. मुराळ्याला बरोबर कळतं. तेवढ्यात डाव्या हाताला केळीचा मळा दिसला, पंप चालू, पाण्याची धार ही एवढी. आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. आपण खिडकीला वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी मारतो, खोली गार होते. टपही कापडाचाच ना?

"विनय, थांब."

"आई, काय झालं?"

"टपावर पाणी टाकायचं."

"आई, चाचा पाण्याचं काहीतरी म्हणत होते ना?"

"ते शिवायच्या आधीचं. आता शिवून झालंय."

हे वाक्य मी बोलले, नीलू. माझ्या तोंडाने.

मळ्यातला शेतकरी बादली घेऊन आला. मोठा हौशी माणूस. "मावशी, गाडीले आंघोळ घालू का?"

"घाल बाबा. डोक्यावरून घाल."

त्याने एक घातली, दोन घातल्या, तिसरी मी सांगून घालून घेतली. आणि काय सांगू, आत एकदम गार. ओल्या कापडाचा वास, केळीच्या पानांवरून येणारा वारा. ताईंनी डोळे मिटले. मी विनयकडे असं बघितलं, की बघ, शाळेत शिकवत नाहीत ते.

पाव कोसही गेलो नसू. डोक्यावर कर्र, कर्र.

"आई, हे काय वाजतंय?"

"तुझ्या वडलांची गाडी आहे. वाजायचीच."

"वर वाजतंय."

मी वर पाहिलं. चाचांच्या दुकानात दोनदा वाजवलेला ढोल आता स्वतःच सूर लावत होता. टपाच्या लोखंडी कमानी धनुष्यासारख्या वाकल्या होत्या. मी म्हणणार, "विनय, जरा थांब..." तेवढ्यात समोरच्या काचेवरचे दोन्ही हूक एकदम उखडले आणि अख्खा टप फाडकन मागे. जाताना विनयची टोपी घेऊन गेला. ताईंचा पदर कमानीत अडकून मागे झेंड्यासारखा फडफडायला लागला.

गाडी थांबवली. पदर सोडवला. आता टप पुढे ओढायचा. मी आणि विनयने ओढला. वीतभर कमी. तो शेतकरी धावत आला, त्याने पाय रोवून ओढला. तरी वीतभर कमी. ताईही उतरायला लागल्या, म्हटलं, "तुम्ही बसा, तुम्ही माहेरवाशीण." वर ऊन, आणि जसजसं कापड वाळत होतं तसतसा टप आणखी आखडत होता. नातवाला गेल्या वर्षीचा सदरा घालावा, तसं दिसायला लागलं ते. शेवटी शेतकऱ्याने केळीची दोन पानं कापून आणली. "घ्या मावशी, याले कोनी शिवा लागत नाही."

एक पान मी डोक्यावर धरलं, एक ताईंच्या डोक्यावर दिलं. मला रडू येत होतं, खरं सांगते. शेवटच्या खेपेला बाईला राणीसारखं आणायचं, तर हे असं. मी म्हटलं, "ताई, माझं चुकलं. तुमच्या दादांनी कधी असं होऊ दिलं नसतं."

 पान त्यांनी केव्हाच खाली मांडीवर घेतलं होतं, आणि तोंड वर करून वारा खात होत्या. मग म्हणाल्या, "वहिनी, दादाने टप कधी लावला होता?"

"म्हणजे?"

"आखाजीला वाटेत तो टप लावायचाच नाही, घर आलं की ओढून घ्यायचा. म्हणायचा, वत्सू, सासरी वर्षभर डोक्यावरून पदर घेऊन वावरतेस, आज मोकळ्या डोक्याने बस. मी हट्टाने उभीसुद्धा राहायची गाडीत, या केळीबागांच्या मधून. तुम्हाला नाही सांगितलं त्याने?"

नव्हतं सांगितलं. मला कसं माहीत असणार? ते दोघं रस्त्यात असायचे तेव्हा मी चुलीपुढे खापरावर मांडे भाजत असायची. मी फक्त दारात पाहायची, लाल झालेलं नाक घेऊन उतरणारी नणंद. आणि दर वर्षी ह्यांना बोलायची, "पोरीला भाजून आणलीत." ते नुसते हसायचे. मेले हसायचे कशाला, सांगायचं ना. एखाद्या आखाजीला मांडे राहिले असते तर काय झालं असतं? मीही बसले असते मागच्या सीटवर.

मी माझं पान खाली ठेवलं. विनयला म्हटलं, "हळू चालव."

शनवाऱ्यात शिरलो तेव्हा आमचा थाट काय वर्णावा. पिस्ता रंगाची उघडी मोटार, मागे फडकं लोंबतंय, आत लाल तोंडाच्या दोन म्हाताऱ्या, मांडीवर केळीची पानं. इच्छापूरहून देवीचंच काही आलं असं समजून एका आंबेवालीने हात जोडले. ताईंनी तिला आशीर्वाद दिला. दिला म्हणजे अगदी हात उंचावून दिला. चाचा दुकानातून उठून रस्त्यावर आले. टपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. पण माणूस सज्जन. एवढंच म्हणाले, "अम्मा, ननद आ गई ना? बस."

तर असं ते नाक. त्या नाकाला तू क्रीम लाव, पण त्याबद्दल आईला बोलू नकोस.

तुम्ही दोघी गेलात की घर फार शांत होईल, नीलू. मोटार अंगणात उभी राहील, तिच्यावर चिमण्या बसतील. ताईंना परत आणायला मुराळी म्हणून खरं तर मीच तिकडे यायला हवं, पण विनय म्हणतो, ही गाडी इथला असीरगडाचा घाट चढली तरी पेढे वाटीन. तेव्हा यंदा तूच मुराळी हो आणि ताईंना लवकर परत घेऊन ये. दिवाळीपर्यंत थांबू नकोस, आमची वयं काही थांबणारी नाहीत. स्टेशनवर मी स्वतः येईन, मोटार उघडीच असेल. फक्त वाटेत मी "विनय, थांब" असं म्हटलं, तर कोणीही थांबायचं नाही, असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवलंय. त्या ठरावाला अनुमोदन मीच दिलं.