विन्याची गळकी कॅरव्हॅन

विन्या गेला त्याच्या आदल्या दिवशीही मी त्याला मूर्ख म्हणालो होतो. शनिवार होता. नीउ-व्हेनेप या डच गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या उघड्या आवारात त्याची सेकंडहँड कॅरव्हॅन उभी असायची, तिच्यात आम्ही दोघं बसलो होतो. बाहेर पाऊस चालू होता आणि विन्या गुडघ्यांवर बसून बाकाखालच्या भिंतीत ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया टोचत होता. आकडा बघितला, च्च केलं, "अजून आहे रे थोडी..." म्हणाला. मी म्हटलं, "विन्या, तू मूर्ख आहेस. भंगारात दे हे खोकं." तो हसला आणि त्याने चहाचं आधण ठेवलं. रविवारी सकाळी मेधावहिनींचा फोन आला. दात घासता घासता कोसळला, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभा होतो तेव्हा मला आधी आला तो राग. म्हटलं, जाता जाता तरी ती गळती काढून जायचं होतंस, गाढवा!

शोकसभेला हॉल भरला होता. एकेक जण उठून सांगत होता, विनायक कसा सगळ्यांच्या मदतीला धावायचा, त्याच्या हातात कशी जादू होती. हीच मंडळी गणपतीच्या जेवणात त्याच्या कॅरव्हॅनचा विषय काढून पोट धरून हसायची. आणि विषय काढणारा मी असायचो, हे कबूल केलेलं बरं.

आम्ही पुण्यात एकाच कंपनीत लागलो, एकाच वर्षी परमिटवर इकडे आलो. तेव्हापासून पाहतोय, मोडकी वस्तू दिसली की विन्याचे डोळे लकाकायचे. लोकांनी फुटपाथवर टाकून दिलेल्या खुर्च्या हा सायकलला बांधून घरी न्यायचा. कोणी मिक्सर बिघडला म्हटलं की जेवण अर्धवट टाकून स्क्रूड्रायव्हर शोधायला उठायचा. त्याचा हा दुरुस्तीचा रोग चार वर्षांपूर्वी कॅरव्हॅनपर्यंत पोचला. मला मुळात हे कॅम्पिंग प्रकरणच कळत नाही. स्वतःचं पक्कं घर सोडायचं, पत्र्याच्या डब्यात निजायचं, टमरेल घेतल्यासारखा टॉयलेट पेपर काखेत मारून सकाळी रांगेत उभं राहायचं, सार्वजनिक नळावर भांडी घासायची, आणि याला सुट्टी म्हणायचं. आमच्या आजोळी याला अडचण म्हणायचे.

गाडी विकणारं एक म्हातारं डच जोडपं होतं. बाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "कुर्कड्रोख." म्हणजे बुचासारखी कोरडी. मी तिथेच विन्याच्या कानात म्हटलं, "बाई बनवतेय." विन्याने अर्थातच ऐकलं नाही. पुढच्या शनिवारी पूजा केली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडीला जोडायच्या दांड्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. शेतकरी लांबून बघत होता, त्याला पेढा दिला. तोरण मी आणलं होतं, झेंडूची आणि आंब्याच्या पानांची कापडी माळ. विन्या म्हणाला, "डबल टेपने लावूया." मी म्हटलं, "तोरण आहे का स्टिकर? हो बाजूला!" आणि दाराच्या वर बाहेरून दोन स्क्रू पिळून पक्कं लावून टाकलं. त्या गाडीत धड झालेलं काम तेवढं एकच, असं मी पुढे चार वर्षं ऐकवत आलो.

दोन महिन्यांत दाराशेजारच्या बाकाखाली पाणी. गाद्यांना कुबट वास, भिंतीचं प्लायवुड भिजलेल्या बिस्किटासारखं. बोट टेकवलं की आत जायचं. मी तर खूशच झालो. म्हातारीने बनवलं, मी सांगत होतो! विन्या कामाला लागला. खिडक्यांची रबरं बदलली. छताच्या कडेची लांबच लांब पट्टी काढली, तिच्यातले गंजलेले स्क्रू एकेक करून उपटले, जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडलं, नवीन भरलं. कुजलेलं लाकूड कापून नवीन बसवलं. ओल शोषणारे मिठाचे डबे कोपऱ्याकोपऱ्यात मांडले. पाऊस पडला की पुन्हा बाकाखाली थारोळं. शेतकरी येऊन सांगायचा, पाणी दिसतं तिथून शिरत नसतं, वर शोध. मी स्टुलावर बसून पोहे खात शेरे मारायचो. "समुद्राच्या पातळीखालच्या गावात राहतोस आणि कोरडेपणाचा हट्ट धरतोस, विन्या!" तो मान हलवायचा, "खरंय बाबा," म्हणायचा आणि पुन्हा बाकाखाली शिरायचा.

एक गोष्ट सांगायला हवी. त्याच सुमाराला माझं घर मोडलं. बायको युट्रेख्टला गेली, मुलगीही तिच्याबरोबर. मुलगी फोनवर माझ्या मराठीला डचमध्ये उत्तरं द्यायची, मग तेही कमी झालं. कोणाकडे जावंसं वाटेना. लोक बिचारा म्हणून बघतात, मला ते खपत नाही. विन्याकडे मात्र दर शनिवारी जायचो, कारण तिथे बिचारा विन्या होता आणि मी शहाणा होतो. माझ्या मते मी त्याच्यावर उपकार करत होतो. एवढं गळकं खोकं घेऊन बसलेल्या माणसाला निदान सोबत तरी हवी की नको?

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तर त्याने कहर केला. डब्यात चकल्या-चिवडा भरून त्या म्हाताऱ्या जोडप्याला देऊन आला. मी हात जोडले. म्हटलं, "ज्यांनी टोपी घातली त्यांनाच फराळ! विन्या, तुझ्यासारखा बावळट तूच." त्यावर तो एवढंच म्हणाला, "पुढच्या शनिवारी ये. ओल अजून आहे."

तो गेल्यावर सहा आठवड्यांनी वहिनींनी मला बोलावलं. कॅरव्हॅन विकायची होती, महिनाअखेर आवारातली जागा सोडायची होती, जाहिरात मी लिहावी अशी त्यांची इच्छा होती. "फक्त एक करा भावजी. हे म्हणायचे, पाणी कुठून येत होतं ते घेणाऱ्याला सांगूनच विकायची. तुम्ही दर शनिवारी तिथे असायचात. तुम्हाला माहीत असेलच."

मला कुठलं माहीत असायला! चार वर्षं पोहे खाल्ले, एकदाही वाकून बघितलं नव्हतं. पण विन्याची शेवटची अट होती, तेव्हा गेलो. वहिनीही आल्या. आदल्या दिवसापासून पाऊस लागलेला होता, म्हणजे थारोळं असणारच. बाकावरची गादी काढली, आत हात घातला. कोरडं. अंगठा दाबून पाहिला, प्लायवुड टणक. वास घेतला, तर नुसता चहापत्तीचा. विन्याचं यंत्र काढलं, सुया टोचल्या. अकरा. पंधराच्या आत म्हणजे लाकूड कोरडं, एवढं ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. दुसरीकडे टोचल्या. पुन्हा अकरा. मग बाकावरचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला विन्याने पेन्सिलीने आकडे लिहिले होते. एकाखाली एक, दर शनिवारचा एक. अठ्ठावीस, एकतीस, तीस. खूप खाली एका ठिकाणी शब्द होता, ‘तोरण’, त्याखाली रेघ. त्यानंतर एकोणीस, चौदा, आणि मग अकरा, अकरा, अकरा... थेट त्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत. तेव्हा माझ्यासमोर च्च करून "अजून आहे थोडी" म्हणाला होता, त्या दिवशीही अकराच.

मी भर पावसात बाहेर गेलो. तोरण होतं तिथेच होतं. डावीकडचा स्क्रू धरून फिरवला तर तो तसाच हातात आला. नुसतं डोकं. खालचा दांडा करवतीने कापून डोकं वरून चिकटवलेलं होतं, आणि मागचं भोक व्यवस्थित बुजवलेलं. पत्र्यातून मी पाडलेलं भोक. पाणी तिथून शिरून आतल्या लाकडाने खाली बाकापर्यंत उतरत होतं. म्हातारी खोटं बोलली नव्हती. तिची गाडी खरंच बुचासारखी कोरडी होती, तिला गळकी मी केली होती आणि वर्षानुवर्षं त्यावर जेवणावळींतून हशा मिळवला होता. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती.

वहिनी दारात उभ्या होत्या. मी स्क्रूचं डोकं पुढे केलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलं त्याने? मी त्याला काय काय बोललो, वहिनी!"

त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं त्यांना, आता कोरडी झाली, भावजींना सांगून टाका. तर म्हणाले, अगं, त्याला कळलं तर त्याचं तोंड बंद होईल. मग शनिवारी तो घरातून बाहेर कशाला पडेल?"

जाहिरात मी लिहिली. दाराच्या वर दोन भोकं होती, अमुक माणसाने अडाणीपणाने पाडलेली, आता बंद आहेत, गाडी कोरडी आहे, असं स्वतःच्या नावानिशी लिहिलं. वहिनींना वाचून दाखवलं आणि फाडून टाकलं. गाडी मीच ठेवली. शेतकऱ्याला विनवलं, त्यानेही जागा राहू दिली. माझ्याकडे तिला ओढायला कार नाही, मला कॅम्पिंगची घाण वाटते, आणि ज्या माणसाला मी चार वर्षं मूर्ख म्हटलं त्याच्याहून मोठा मूर्ख बसने शनिवारी तिथे जातो, चहा करतो, सुया टोचतो. तोरण डबल टेपने लावलंय. एवढ्या पावसात ते पडेल अशी माझी खात्री होती... अजून पडलेलं नाही.