घुमट दिसतोय ना?

उत्तरायणाला अख्खं बडोदं गच्चीवर असतं. पतंग सगळेच उडवतात; माझे बाबा मात्र शहर दाखवतात. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कुणी नवखा आला की त्याचा दंड धरून त्याला कठड्याशी न्यायचं, आधी राजवाड्याचा मनोरा दाखवायचा आणि मग त्याच्या डावीकडचा कॉलेजचा मोठा घुमट. त्या घुमटाखाली ते स्वतः शिकलेले, त्यामुळे तिथे जरा जास्त वेळ जायचा.

हा घुमट त्यांना आणखी एका कामी यायचा. मी मोतीबिंदूचा विषय काढला की ते म्हणायचे, "गच्चीवरून घुमट दिसतो मला. आणखी काय पाहिजे?" रोज स्कूटरवरून वाडीच्या बाजारात भाजी आणायला जाणाऱ्या माणसाशी कोण वाद घालणार!

गेल्या उत्तरायणाला त्यांच्या तावडीत खालच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू सापडला.

"जुओ, घुमट केवो चोख्खो देखाय छे!"

तो 'स्वच्छ दिसणारा' घुमट शोधत बिचारा डोळे ताणून बघत राहिला. "क्यां छे, काका?"

"आ सामे तो छे!"

समोर बारा मजली टॉवर होता. वर्षभरात तो चढत गेला आणि दिवाळीपर्यंत त्यानं घुमट पुरता झाकून टाकला होता. बाबा सवयीनं बोट दाखवत होते. तिळाची चिक्की हातातच राहिली.

गच्चीवरून उतरताना जिन्यात विचारलं, "बाबा, समोरचा टॉवर किती मजल्यांचा हो?"

"कुठला टॉवर?"

घरात शिरल्याबरोबर मी स्कूटरची चावी ताब्यात घेतली. त्यांनी आठवडाभर अबोला धरला. शेवटी "एकदाचं उरकून टाक" म्हणाले आणि एकामागून एक दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली.

काळा चष्मा निघाला त्या दिवशी चहासुद्धा न घेता ते गच्चीवर गेले. मी मागोमाग. कठड्याशी बराच वेळ उभे राहिले आणि मग माझ्यावर खेकसले, "बिघडवलेत ना डोळे! आता घुमटसुद्धा दिसत नाही."

मला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

"मजले मोजा, बाबा. समोरच्या टॉवरचे."

ते बोटानं मोजत वरपर्यंत गेले. एकदा चुकले, पुन्हा खालपासून सुरुवात केली.

"बारा," ते म्हणाले आणि चावीसाठी हात पुढे केला.