शून्यरावांची हिरवी ट्रंक

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरला सगळे शून्यराव म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांना त्याचा राग येत नसे. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ते जरा खट्टू होत. सलग एकोणीस वर्षं वार्षिक मोजणीत त्यांचा पुस्तकातला साठा आणि रॅकवरचा साठा यांच्यात एका वॉशरचाही फरक निघाला नव्हता. ज्या कारखान्यात हजेरीपटावरच्या माणसांचा आणि प्रत्यक्ष कामावरच्या माणसांचा मेळ कधी बसला नाही, तिथे हा चमत्कारच होता. चमत्काराची चौकशी करायची पद्धत तिथे नव्हती.

चमत्कार टेबलाशेजारी ठेवलेला होता. हिरवी पत्र्याची ट्रंक, वर जुनं पोतं. मोजणीत काही जास्त निघालं की ते या ट्रंकेत जाई. कमी निघालं की ट्रंकेतून रॅकवर येई. पुरवठादाराने चुकून जादा पाठवलेला मालही तिच्यातच विसावे. शून्यरावांनी त्यातला एक नटसुद्धा कधी घरी नेला नाही. चोरी हा प्रकार त्यांच्या डोक्यातच शिरत नसे. त्यांना फक्त आकडा जुळायला हवा होता, आणि त्यासाठी लागेल तेवढा खोटेपणा ते अत्यंत प्रामाणिकपणे करत.

घरीही तीच तऱ्हा. सख्ख्या मुलीच्या लग्नात पाहुणे दारात उभे होते आणि हा गृहस्थ मागच्या बाजूला भाड्याच्या खुर्च्या मोजत होता. सुट्टीच्या दिवशी ते स्वयंपाकघराकडे वळले की बायको कपाटापुढे उभी राहून वाट अडवी. डाळीचा डबा गेल्या आठवड्यापेक्षा दोन बोटं खाली का, याचा खुलासा तिने एकदा दिला होता. तो मोजक्याच शब्दांत होता आणि इथे लिहिण्यासारखा नाही.

निवृत्ती चार महिन्यांवर आली तेव्हा घरात खरी चिंता पसरली.

"आता मी दिवसभर घरीच. तुला मदत होईल," शून्यराव म्हणाले.

"तीच तर भीती आहे," बायको म्हणाली.

मॅनेजरसाहेबांनी मात्र शब्द दिला होता : यंदाही फरक शून्य निघाला, तर दोन वर्षं मुदतवाढ. तेव्हापासून बायको रोज जेवताना कारखान्याच्या साठ्याची चौकशी करू लागली. एकतीस वर्षांच्या संसारात तिने पहिल्यांदाच बेअरिंग हा शब्द उच्चारला.

पण यंदा मोजणी नव्या सॉफ्टवेअरवर होणार होती. त्यासाठी मुख्य कार्यालयातून एक मॅडम आल्या. मॅनेजरसाहेबांच्या सहीचं पत्रक निघालं : मोजणीचे दोन दिवस स्टोअरचे सगळे व्यवहार बंद. माल आत येणार नाही, बाहेर जाणार नाही; सॉफ्टवेअर नोंदच घेणार नाही. साहेबांनी पत्रकावर ते न वाचताच सही केली होती, पण सही ठसठशीत होती.

"आणि काका, मोजताना पुस्तकातला आकडा तुम्हाला दिसणार नाही," मॅडम म्हणाल्या. "रॅकवर जेवढं असेल तेवढाच आकडा भरायचा."

शून्यरावांचा चेहरा उतरला. "आकडाच दिसला नाही तर जुळवायचं कशाशी?"

"जुळवायचं नाही. मोजायचं."

"म्हणजे?" शून्यरावांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

तरी ते बधले नाहीत. व्यवहार बंद होण्याआधीचे तीन आठवडे, आकडे दिसत होते तोवर, त्यांनी एकेक रॅक ट्रंकेच्या मदतीने चोख करून ठेवला. मोजणी सुरू झाली तेव्हा स्टोअर इतकं बिनचूक होतं की खरं वाटू नये. पहिला दिवस निर्विघ्न गेला. दुसरी खुर्ची नसल्यामुळे मॅडम लॅपटॉप मांडीवर घेऊन ट्रंकेवर बसल्या होत्या, आणि शून्यरावांना ही व्यवस्था सर्वांत सुरक्षित वाटत होती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पंप तपासायच्या यंत्राचं बेअरिंग गेलं. मॅनेजरसाहेब स्वतः धापा टाकत खिडकीशी आले.

"एक बेअरिंग द्या. सगळी लाइन ठप्प उभी आहे."

"व्यवहार बंद आहेत, सर," मॅडम म्हणाल्या.

"बंद कुणी केले?"

"तुम्ही."

"मग मी उघडतो!"

"उघडलं की दोन दिवसांची मोजणी रद्द. पहिल्यापासून सुरुवात."

साहेबांनी रॅककडे बोट दाखवलं. सहा बेअरिंगं तेलकट कागदात ओळीने बसली होती, जणू कुणाची तरी गंमत बघत. "ती काय शोभेला ठेवलीत? एक उचला, नोंद मागाहून करा."

"तो रॅक अजून मोजायचाय. मग तिथे एकाचा फरक दिसेल."

"दिसू दे की! एकाच्या फरकाने काय आभाळ कोसळतंय?"

मॅडमनी खांदे उडवले. आभाळ फक्त शून्यरावांवर कोसळलं. सहाचे पाच. एकोणीस वर्षं, आणि मुदतवाढ, एका बेअरिंगापायी. बाहेर लाइनवरची माणसं हात पुसत उभी होती. शून्यरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि त्यांना एक विचार सुचला, जो फक्त त्यांनाच सुचू शकला असता : ट्रंकेतला माल पुस्तकात नाही. जो पुस्तकात नाही, त्याचा व्यवहार बंदही नाही. तो दिला तरी शून्याला धक्का नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "जरा उठता का?"

पोतं बाजूला झालं, झाकण कुरकुरलं. शून्यरावांनी न बघता हात घालून नेमकं तेच बेअरिंग काढलं. साहेब ते घेऊन पळाले. मॅडम ट्रंकेकडे बघत राहिल्या.

"काका, हे काय आहे?"

"हे? हे काहीच नाही. विचारा तुमच्या सॉफ्टवेअरला."

सॉफ्टवेअरही तेच म्हणालं. म्हणून मॅडमनी काहीच नसलेलं ते सगळं संध्याकाळपर्यंत मोजलं. एक हजार चारशे बारा नग निघाले.

"पण हे जास्तीचं आहे!" शून्यराव कळवळून म्हणाले. "कमी तर काहीच नाही ना?"

"जास्त म्हणजेही फरकच, काका."

मोजणीचा अहवाल साहेबांकडे गेला. तोवर लाइन सुरू होऊन त्यांचा रक्तदाब उतरला होता. फरक शून्य नव्हता, तेव्हा शब्दाप्रमाणे मुदतवाढ देता येत नव्हती. पण कारखान्यात वेळेला उपयोगी पडणारी एकमेव वस्तू ही ट्रंक आहे, हेही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी दोन वर्षांची मुदतवाढ 'ट्रंकेच्या रीतसर देखभालीसाठी' मंजूर केली. आणि ती रीतसर व्हावी म्हणून ट्रंकेला सॉफ्टवेअरमध्ये रॅकसारखा जागेचा क्रमांक दिला, झाकणावर चिठ्ठी डकवली आणि पुढच्या मोजणीपासून तिचेही व्यवहार बंद ठेवायचा आदेश काढला. यावरची सहीही ठसठशीत होती.

बायको खूश झाली. ती खुशी महिनाभर टिकली. मग एका सकाळी तिला कपाटाच्या तळाशी, डाळीच्या डब्यामागे, एक अनोळखी डबा लागला. उचलला तर जड. आत तेलकट कागदात गुंडाळलेली बेअरिंगं.

"अहो, हे काय?"

शून्यराव दारात बूट चढवत होते. "हात लावू नकोस. ट्रंक आता पुस्तकात गेली. तेवढाच एक डबा मोजायचा नाही."